शेकोटीची राख

चेन्नईच्या बीच स्थानकातून निघालेली उपनगरी गाडी तांबरमला पोचली, की शहर संपले असे एके काळी समजत असत. १९३१ साली या मार्गावर विजेची गाडी धावू लागली, तेव्हा तिच्या शेवटच्या टोकाला ताडाची झाडे, तळी आणि काटेरी झुडपे यांखेरीज फारसे काही नव्हते. परंतु या उजाडपणाचेच आकर्षण वाटून एकेक संस्था शहरातून उठून येथे आली. क्षयरोग्यांसाठी डॉ. चौरी मुत्तू यांनी १९२८ मध्ये येथे आरोग्यधाम काढले. अलीकडच्या स्थानकाला आजही 'तांबरम सॅनेटोरियम' हेच नाव आहे. १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज जॉर्ज टाउनच्या गजबजाटातून निघून येथल्या साडेतीनशेहून अधिक एकरांच्या झुडपी रानात आले, आणि त्या रानात आजही हरणे दिसतात. पुढे विमानदलाचा तळ आला. रोगी, विद्यार्थी आणि वैमानिक या तिघांनाही येथे आणणारी गोष्ट एकच होती: मोकळी हवा. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या मुलीही तेवढ्याचसाठी तेथे जमल्या होत्या.

सरकारी नोकरीतील बदलीमुळे आमचे बिऱ्हाड काही वर्षे तांबरमला होते. एके दिवशी माझ्या मुलीने शाळेतून एक चिठ्ठी आणली. गाइड पथकाचे चार रात्रींचे निवासी शिबिर, एप्रिलच्या अखेरीस, तांबरमच्याच बाहेरच्या अंगाला, एका मोठ्या आवारात. पालकांची संमती हवी. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आम्हाला तेथे जाऊन जेमतेम दहा महिने झाले होते. तमिळ तिला कळू लागले होते, पण बोलताना ती अडखळे. आणि वर्गात तिला माझी म्हणावी अशी मैत्रीण नव्हती. दिवसाकाठी पन्नास कागदांवर सही करणाऱ्या माणसाची लेखणी त्या एका कागदापाशी दोन दिवस अडली.

माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. ती म्हणाली, “अरे, मी अकरा वर्षांची असताना आजोळाखेरीज कुठे एक रात्र काढली नव्हती. आणि इथे तर भाषाही आपली नाही. पोरीला रात्री पाणी हवं झालं तर ती मागणार कुणाला, आणि कोणत्या भाषेत?”

पत्नीने हसून उत्तर दिले, “आई, मी एन.सी.सी.च्या शिबिरात दहा दिवस राहिले होते की.”

“तेव्हा तू कॉलेजात होतीस,” आई म्हणाली, आणि तो मुद्दा बिनतोड होता.

श्रोतेहो, आपल्या घरांतून मुलींच्या शिबिराची चिठ्ठी येते तेव्हा हाच संवाद थोड्याफार फरकाने घडत असावा. मुलगा शिबिराला निघाला तर आपण त्याच्या पिशवीत काय भरावे याची चर्चा करतो; मुलगी निघाली तर तिने जावे की नाही याची. म्हणून हे शिबिर आले कोठून, तेथे मुली करतात काय, आणि तेथल्या ज्या प्रथा आपल्याला बाहेरून पोरखेळ वाटतात त्यांच्या मुळाशी काय आहे, हे थोडे तपशिलाने सांगावे असे मला वाटते.

या साऱ्याचा उगम एका सेनाधिकाऱ्याच्या प्रयोगात आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल याने १९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांना घेऊन तंबू ठोकले. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतली मुले होती, तशी कष्टकऱ्यांचीही होती. त्याने त्यांच्या मिश्र टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीचा कारभार तिच्यातल्याच एका मुलाकडे सोपवला. बालवीर चळवळ येथून निघाली. तिच्यात मुलींना जागा ठेवलेलीच नव्हती. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपण होऊन, स्वतःच जमवलेला गणवेष घालून तेथे हजर झाल्या आणि आम्हीही बालवीर आहोत असे म्हणू लागल्या. त्यांना परत पाठवणे शक्य होईना. पुढच्या वर्षी, १९१० मध्ये, बेडन-पॉवेलच्या बहिणीच्या, अ‍ॅग्नेसच्या, देखरेखीखाली मुलींसाठी 'गर्ल गाइड' ही स्वतंत्र संस्था निघाली. बोलावणे नसताना आलेल्या मुलींनी सुरू केलेली ही संस्था आहे, ही गोष्ट मला तिच्या सर्व नियमांपेक्षा अधिक आवडते.

हिंदुस्थानात गाइडचे पहिले पथक १९११ साली जबलपूरला निघाले. परंतु ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन घरांतील मुलींसाठी होते. हिंदी मुलींना या चळवळीत वाव मिळू लागण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. मुलांच्या बाबतीतही तोच भेदभाव होता, आणि त्याला पहिले ठळक उत्तर मद्रासनेच दिले. अ‍ॅनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साह्याने १९१६ साली येथे हिंदी मुलांची स्वतंत्र बालवीर संस्था काढली. दोन वर्षांनी अलाहाबादेस मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांची सेवा समिती बालवीर संस्था उभी राहिली. मुलांनी गाठी बांधायला शिकावे यासाठी देशात दोन-तीन संस्था एकमेकींशी फटकून वागत होत्या, ही स्थिती स्वातंत्र्यानंतर संपली. नेहरू, मौलाना आझाद आणि कुंझरू यांच्या प्रयत्नांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही एकच संस्था झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटना तिच्यात सामील झाली. एन.सी.सी.चा मुलींचा विभाग त्याआधी १९४९ मध्येच सुरू झाला होता. म्हणजे माझ्या पत्नीचे शिबिर आणि माझ्या मुलीचे शिबिर ही वेगवेगळ्या घराण्यांतली, पण भावकीतली.

आता शिबिर. आपल्याकडे त्याला 'उन्हाळी' म्हणायचे ते शाळेच्या सुटीमुळे, हवामानामुळे नव्हे. थंड देशांत उन्हाळा हा बाहेर झोपण्याचा ऋतू आहे, आणि आपल्याकडे तो शक्य तर घरात बसण्याचा आहे. तमिळनाडूत मेच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरीपर्यंतच्या काळाला 'अग्निनक्षत्र' म्हणतात. सूर्य कृत्तिकेत असतो आणि कृत्तिकेची देवता अग्नी, हा त्याचा ज्योतिषातला हिशोब, पण त्या दिवसांत तांबरमच्या रस्त्याने अनवाणी चालून पाहणाऱ्याला पंचांग उघडावे लागत नाही. समुद्राचा वारा शहराला दुपारी थोडा दिलासा देतो. आत तांबरमपर्यंत येईतो तो उशीर करतो आणि दमलेला असतो. म्हणून जाणती पथके एक तर निलगिरीसारख्या थंड ठिकाणी जातात, राष्ट्रीय शिबिरांसाठी सातपुड्यात पचमढीला जातात, किंवा मग आमच्या मुलीच्या पथकाप्रमाणे अग्निनक्षत्र लागण्यापूर्वीच आपले चार दिवस उरकून घेतात. झाडीत तंबू, सकाळी लवकर काम, दुपारी सक्तीची विश्रांती.

सात-आठ मुलींची एक टोळी आणि प्रत्येक टोळीला फुलाचे नाव. माझी मुलगी 'मल्लिगै' टोळीत होती. मल्लिगै म्हणजे आपला मोगरा. टोळीची नायिका चौदा वर्षांची. तंबू कोठे ठोकायचा, सरपण कोणी आणायचे, भाजी कोणी चिरायची, आजारी मुलीचे काम कोणी करायचे, हे सारे ती ठरवते. मोठी बाई दूर बसून पाहते. फार झाले तर खोकते. सर्व टोळ्यांच्या नायिका रात्री एकत्र बसतात, तिला मानसभा म्हणतात. तेथे तक्रारी निघतात आणि दुसऱ्या दिवसाचे काम वाटले जाते. मी शासनाच्या अनेक सभांना बसलो आहे. मुलीने या मानसभेचे जे वर्णन केले त्यावरून असे दिसते की तेथे कार्यवृत्त लिहीत नाहीत, पण ठरलेले दुसऱ्या दिवशी होते.

तंबू ठोकणे हे पहिल्या दिवसाचे काम. आजकाल घडीचे हलके तंबू मिळतात. या पथकाकडे मात्र जुने, जाड कापडाचे, सुती तणावे असलेले तंबू होते. अशा तंबूला दोन खांब, मध्ये आडवी काठी, आणि दोन्ही बाजूंना तणावे ओढून खुंट्यांना बांधायचे. खुंटी सरळ ठोकायची नाही. तिचे डोके तंबूपासून बाहेर झुकलेले हवे, नाहीतर ताण आला की ती उपटून येते. तणाव्याची गाठ अशी हवी की ती दिवसा घट्ट करता यावी आणि रात्री सैल. येथे एक नियम आहे, आणि तो प्रत्येक शिबिरात झोपण्यापूर्वी ओरडून सांगितला जातो: तणावे सैल करा. कारण सुती किंवा काथ्याचा दोर भिजला की आखडतो. रात्री पाऊस आला किंवा नुसते दव पडले, तरी ताठ बांधलेला तणावा आखडून खुंटी उपटतो किंवा कापड फाडतो. या नियमाकडे मी पुढे येणार आहे.

दुसरे काम दोर आणि बांबू यांचे. एकही खिळा न वापरता बांबूंना दोराच्या बांधण्या घालून मुली भांडी ठेवायची मांडणी, हात धुवायची तिपाई, चपला ठेवायची शिडी करतात. आपल्या आज्यांना दोनच गाठी पुरत होत्या: ओढताच सुटणारी सुरगाठ आणि न सुटणारी निरगाठ. शिबिरात त्या दोन टोकांच्या मधल्या डझनभर गाठी शिकवतात, आणि प्रत्येक गाठीचे काम वेगळे: सारख्या जाडीचे दोन दोर जोडण्याची, जाड आणि बारीक जोडण्याची, खांबाला दोर अडकवण्याची, माणसाला वर ओढताना छातीभोवती न आवळणारी. स्वयंपाकाजवळ दोन खड्डे असतात, एक सुक्या कचऱ्यासाठी आणि एक खरकट्या पाण्यासाठी. पाण्याच्या खड्ड्यावर काटक्यांची चौकट आणि तिच्यावर गवत. तेलकटपणा गवतात अडकतो आणि पाणी जमिनीत जिरते. ते गवत रोज जाळून नवे घालायचे. शेवटच्या दिवशी खड्डे बुजवून, काढलेली हिरवळ पुन्हा बसवून, जागा अशी सोडायची की येथे कोणी राहिले होते हे कळू नये. माझ्या मुलीला घरी स्वतःचे ताट उचलायला तीनदा सांगावे लागत असे; तिने चार दिवस तो खड्डा सांभाळला.

सकाळी प्रार्थना आणि ध्वजवंदन, मग तपासणी. अंथरुणे उन्हात, ताटल्या ओळीत, आणि सर्वांत नीटनेटक्या टोळीला दिवसभर मिरवायला एक लहानसे निशाण. हस्तांदोलन डाव्या हाताने. याची एक कथा सांगतात: पश्चिम आफ्रिकेतील अशांती लोकांच्या एका सरदाराने बेडन-पॉवेलला डावा हात पुढे केला, कारण डाव्या हातात ढाल असते आणि ती खाली ठेवणे ही विश्वासाची खूण आहे. कथा कितपत खरी कोण जाणे; आपल्याकडे मात्र डावा हात पुढे करणे ही भलतीच अडचण होती, आणि आईला ती प्रथा शेवटपर्यंत पसंत पडली नाही. वाटेवर काढायच्या खुणाही असतात. दगडांचा बाण म्हणजे या वाटेने जा, फुली म्हणजे येथून जाऊ नका, आणि वर्तुळाच्या मध्यभागी एक ठिपका म्हणजे 'मी घरी गेले'. केनियातील न्येरी येथे बेडन-पॉवेलची कबर आहे. तो १९४१ साली वारला. तिच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे.

आता रात्रीची शेकोटी. मुली तिच्यासाठी येतात असे म्हटले तरी चालेल. ती पेटवण्याचा विधी असतो, आणि गाण्यांचा क्रमही ठरलेला असतो: ज्वाला उंच असताना आरडाओरड्याची गाणी, टाळ्या, नकला, ज्वाला खाली येऊ लागल्या की संथ गाणी, आणि निखारे उरले की सर्वांनी हात धरून वर्तुळ करायचे, एकीने शेजारणीचा हात हलकेच दाबायचा, तिने पुढचीचा, आणि तो दाब वर्तुळभर फिरून पहिलीकडे आला की मुकाट्याने झोपायला जायचे. अमेरिकन यादवी युद्धात १८६२ साली जमलेली निजानीज करणारी बिगुलाची धून अनेक शिबिरांत या वेळी गुणगुणतात.

हे वर्तुळ आपल्याला परके नाही, श्रोतेहो. आश्विनात पाटावर हत्ती मांडून त्याभोवती फेर धरणाऱ्या भोंडल्याच्या मुली आठवा. मंगळागौरीची रात्र आठवा. आपल्या समाजाने मुलींना घराबाहेर, रात्रभर, आपल्यासारख्याच मुलींबरोबर जागायची परवानगी दिली ती झिम्मा-फुगडीच्या निमित्ताने. आणि ती लग्न झाल्यावर. भोंडला तेवढा कुमारिकांचा. पण तो दिवेलागणीला संपतो, आणि खिरापत ओळखून झाली की जिची ती घरी जाते. निजायला घरीच. म्हणून मला असे वाटते की शिबिराने आपल्याकडे शेकोटी आणली नाही, फेरही आणला नाही; आणली ती फक्त पुढची रात्र.

दुसऱ्या रात्री प्रत्येक टोळीने काहीतरी सादर करायचे होते. मल्लिगै टोळीच्या मुलींनी कुम्मी घातली. कुम्मी म्हणजे तमिळ मुलींचा टाळ्यांचा फेर. वाकून खाली टाळी, उठून वर टाळी, आणि पाय एका बाजूला सरकत राहतात. कोलाट्टम म्हणजे टिपऱ्यांचा प्रकारही त्यांच्यात आहे. माझ्या मुलीला शब्द येत नव्हते, पण टाळ्या येत होत्या. कारण झिम्म्यात पावले निराळी असली तरी टाळीला भाषा नसते. मग नायिकेने तिला विचारले, तुमच्याकडे काय करतात? तिने एका मुलीचे दोन्ही हात तिढा घालून धरले, पाय जुळवले, अंग मागे टाकले आणि गरकन फुगडी घातली. हे आईने तिला आमच्या तांबरमच्या गच्चीवर शिकवले होते. त्यानंतर अर्धा तास दुसरा कार्यक्रम झालाच नाही. तीस मुली आवारभर फुगड्या घालत होत्या, आणि एक-दोघी पडून गुडघे फोडून घेऊन पुन्हा रांगेत उभ्या होत्या. शिबिरातील बाईंनी हे मला पुढे सांगितले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात कौतुकापेक्षा गुडघ्यांची चिंता अधिक होती.

त्याच रात्री पाऊस आला. चैत्र-वैशाखात त्या बाजूला अवचित वळवाची सर येते. वारा आधी, मग टपोरे थेंब. फुगड्यांच्या भरात झोपायला उशीर झाला होता आणि मल्लिगै टोळीने तणावे सैल केले नव्हते. दोर भिजले, आखडले, एका बाजूच्या तीन खुंट्या निघाल्या आणि ओले कापड झोपलेल्या सात मुलींवर बसले. कोणाला लागले नाही. परंतु अंधारात, भिजलेल्या जड कापडाखाली सात मुली एकाच वेळी ओरडू लागल्या म्हणजे काय होत असेल त्याची कल्पना बाप म्हणून मी आजही फार वेळ करू शकत नाही. नायिकेने प्रथम सर्वांना नावाने हाक मारली आणि ओ घ्यायला लावली. सहा ओ आल्या. सातवी, माझी मुलगी, ओ देईना. ती घाबरून गप्प झाली होती. नायिका अंधारात चाचपत तिच्याकडे सरकली, तिचा हात धरला, आणि तो दोनदा दाबला. मुलीने तो परत दाबला. मग त्या दोघींनी मिळून एक खांब उभा धरला आणि बाकीच्या त्या पोकळीतून बाहेर आल्या. उरलेली रात्र सर्व टोळ्यांनी जवळच्या ओसरीवर दाटीवाटीने काढली. त्या टोळीला सकाळी निशाण अर्थातच मिळाले नाही; मानसभेत तिला दोन दिवस भांडी घासण्याचे काम मिळाले.

हे सारे आम्हाला कळले ते मुलगी घरी आल्यावर. शिबिरात मोबाईल नेण्यास बंदी होती, आणि पालकांनी भेटीला येऊ नये असाही नियम होता. तो मला तेव्हा जुलमी वाटला. शिबिराच्या बाईंना मी तसे बोलून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या की घरची आठवण दिवसा येत नाही. ती दिवे लागले की येते, आणि पहिल्या दोन रात्री जोरात येते. त्या वेळी मुलीच्या हाती काम दिले तर ती निभावते. आईचा आवाज ऐकवला तर दोघीही रडतात, आणि तिसरी रात्र पुन्हा पहिली होते. त्यांनी पंचवीस वर्षे शिबिरे घेतली होती. मी वाद घातला नाही.

तथापि एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रथा जुनी आहे म्हणून ती सुरक्षित आहे असे नव्हे. माझ्या नोकरीत मी निवडणुकीची मतदानकेंद्रे आणि पूरग्रस्तांच्या छावण्या पाहिल्या आहेत, आणि तेथली सवय म्हणून मी सही करण्यापूर्वी त्या आवारात एक फेरी मारून आलो. पिण्याचे पाणी कोठून येते आणि ते उकळतात का, संडास तंबूंपासून किती पावलांवर आहे आणि वाटेत दिवा आहे का, रात्री मुलींच्या जवळ कोणत्या बाया झोपतात आणि त्या किती, पहारेकरी कोण, जवळचे रुग्णालय किती मिनिटांच्या अंतरावर आणि तेथे नेण्याला वाहन कोणते, वादळ आले तर पक्के छप्पर कोठे. हे प्रश्न विचारणाऱ्या पालकाला चांगल्या शिबिरात मान मिळतो. ज्या शिबिरात ते विचारल्याचा राग येतो तेथे मुलगी पाठवू नये, मग तेथली शेकोटी कितीही सुंदर असो. वर ज्या ओसरीचा उल्लेख केला ती याच फेरीत मी पाहून ठेवली होती, आणि तिच्याच भरवशावर सही केली होती.

पुण्यातील श्रोत्यांना या विषयाचे आणखी एक सूत्र घराजवळ सापडेल. जगभरच्या गाइड मुलींची संघटना १९२८ साली स्थापन झाली. तिचे पहिले जागतिक केंद्र १९३२ मध्ये स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेन येथे उघडले, दुसरे १९३९ मध्ये लंडनला, तिसरे १९५७ मध्ये मेक्सिकोत. आशियात असे केंद्र असावे हा विचार १९५६ साली दिल्लीत निघाला आणि १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुण्यात आळंदी रस्त्यावर ते उभे राहिले. उद्‌घाटनाला बेडन-पॉवेलची पत्नी ओलेव्ह आली होती. केंद्राचे नाव 'संगम'. मुळा-मुठेच्या गावाला हे नाव कोणी सुचवावे लागले नसावे. ओलेव्ह आणि तिचा पती या दोघांचाही जन्मदिवस २२ फेब्रुवारी; १९२६ साली अमेरिकेत भरलेल्या परिषदेत असे ठरले की त्या दिवशी प्रत्येक गाइडने दूरदेशीच्या गाइडांची आठवण करावी, आणि तो दिवस अजून पाळला जातो. आपल्या बदलीच्या गावी मुलीला या दिवशी केरळातून एक आणि श्रीलंकेतून एक पत्र आले होते, आणि दोन्हीकडच्या मुलींनी आपापल्या गावच्या पावसाविषयी लिहिले होते.

पाचव्या दिवशी सकाळी मी तिला आणायला गेलो. नाकाडाचे साल निघालेले, गळ्यातला रुमाल चुरगळलेला, आणि आवाज बसलेला. नायिकेशी ती तमिळमध्ये भांडत होती. भांडी घासण्याच्या राखेच्या हिशोबावरून काहीतरी चालले होते. व्याकरण भयंकर होते, पण अडखळणे नव्हते.

घरी आल्यावर तिच्या पिशवीतून धुवायचे कपडे काढताना आईला एक छोटी डबी सापडली. आत राखाडी पूड. मुलगी आंघोळीला गेली होती. आईने डबी कपाळाला लावली, चिमूटभर पूड स्वतःच्या कपाळी लावली, आणि पोर परक्या मुलखात देवळात जाऊन आली म्हणून समाधानाने ती देव्हाऱ्यात बालाजीच्या तसबिरीशेजारी ठेवली. मुलीने बाहेर येऊन ते पाहिले आणि तिची हसता हसता पुरेवाट झाली. ती शेवटच्या शेकोटीची राख होती. शेकोटी विझली की प्रत्येक मुलीने तिच्यातली चिमूटभर राख घ्यायची आणि पुढच्या शिबिरात शेकोटी पेटवण्यापूर्वी तिच्यात टाकायची, अशी प्रथा आहे. त्या राखेत त्याआधीच्या शेकोटीची राख असते, तिच्यात तिच्याआधीची, आणि अशा किती, ते कोणी मोजत नाही. बाईंच्या डबीतली राख त्यांनी स्वतः गाइड असताना घेतलेली होती.

आईने ऐकून घेतले. “म्हणजे अंगाराच की,” ती म्हणाली, आणि डबी काही तिने देव्हाऱ्यातून हलवली नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी टपालवाल्याने एक पोस्टकार्ड टाकले. शिबिरातल्या पहिल्या संध्याकाळी मुलींकडून घरी पत्रे लिहून घेतली होती, आणि टपालखात्याने ते तांबरमहून तांबरमला आठवड्याभरात पोचवले होते. अक्षर गिचमिड, शाई एका जागी फुटलेली. 'ती. बाबांस. इथे खूप अंधार आहे. लाडू संपले, मी सगळ्यांना दिले. मला उद्या न्यायला या.' आणि खाली, वेगळ्या पेनने, बहुधा दुसऱ्या दिवशी टपालात टाकण्यापूर्वी: 'नको. पाचव्या दिवशीच या.'